दंडाला पट्टी बांधून रक्ताची दिशा कशी दाखवावी

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात रक्ताभिसरण म्हटले की नळ्यांतून लाल-निळे पाणी फिरवणारी प्रतिकृती ठरलेली असते. तिच्यातून रक्त फिरते एवढे समजते. ते फिरते हे मुळात कशावरून ठरले, हे समजत नाही. ते दाखवण्यासाठी एक हात आणि दुमडलेल्या पंचाची पट्टी पुरेशी आहे.

हात सडपातळ, पण शिरा ठळक असलेल्या प्रौढ व्यक्तीचा घ्यावा. सांगलीत त्यासाठी फार शोधाशोध करावी लागू नये; जोर-बैठका काढून तालमीतून नुकताच बाहेर पडलेला हलक्या वजनाचा पैलवान सर्वांत चांगला. रक्त शरीरात फिरते हे दाखवून देणारा इंग्रज वैद्य विल्यम हार्वे यानेही १६२८ च्या आपल्या ग्रंथात असाच, व्यायामाने अंग तापलेला माणूस निवडण्यास सुचवले आहे. मधुमेह किंवा शिरांचा विकार असलेल्या, तसेच रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या व्यक्तीवर हा प्रयोग करू नये.

पट्टी कोपराच्या वर अशी बांधावी की मनगटावरची नाडी हाताला लागत राहील. नाडी लागेनाशी झाली तर रोहिणीही, म्हणजे हृदयाकडून रक्त आणणारी वाहिनीही, दाबली गेली असे समजून पट्टी लगेच सैल करावी, आणि एरवीही ती एक-दोन मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नये. थोड्याच वेळात पट्टीच्या खालच्या, म्हणजे मनगटाच्या बाजूच्या शिरा फुगतात आणि त्यांवर जागोजागी बारीक गाठी उठतात. या गाठी म्हणजे शिरांतील झडपा.

येथे थांबून इटलीतील पादुआ विद्यापीठातील शरीररचनेचा प्राध्यापक हिएरोनिमस फाब्रिसिअस याच्याविषयी सांगावे. त्याने १५७४ मध्ये या झडपा पाहिल्या आणि १६०३ मध्ये त्यांच्यावर सचित्र पुस्तिका काढली. पट्टी बांधलेल्या हाताचे चित्रही तिच्यात आहे. मात्र यकृतात तयार झालेले रक्त शिरांतून बाहेर अवयवांकडे जाते, ही प्राचीन वैद्य गेलेनची जुनी शिकवण त्याने सोडली नव्हती. त्यामुळे रक्ताचा लोंढा हातापायांत साचू नये म्हणून झडपा त्याचा वेग रोखतात, असे त्याने मानले. कृष्णेवरच्या बंधाऱ्याचे बरगे पाणी अडवतात, तसे. पादुआतच रिआल्डो कोलोंबो याने पूर्वी शिकवले होते आणि रक्त हृदयाच्या उजव्या भागातून फुप्फुसांमार्गे डाव्या भागात जाते, हे त्याचे म्हणणे १५५९ मध्ये छापूनही आले होते. तरीही शिरांची दिशा कोणी बोटाने तपासून पाहिली नाही. फाब्रिसिअसला मी कमी लेखणार नाही: १६०२ मध्ये पादुआची पदवी घेणारा हार्वे त्याचाच विद्यार्थी, आणि पुढचा पुरावा गुरूने दाखवलेल्या याच गाठींवर उभा राहिला.

आता तो पुरावा द्यावा. ठळक शिरेवर, मनगटाच्या बाजूला एक बोट दाबून ठेवावे. दुसऱ्या बोटाने तेथून कोपराच्या दिशेने रक्त पुढे सारत एक गाठ ओलांडावी आणि ते बोट उचलावे. पहिले बोट आणि गाठ यांमधला शिरेचा तुकडा सपाट, रिकामा राहतो. गाठीच्या वरचे रक्त खाली ढकलून पाहावे: गाठ अधिक फुगते, पण रक्त तिच्याखाली उतरत नाही. मग पहिले बोट उचलावे. रिकामा तुकडा मनगटाच्या बाजूने क्षणात भरतो. वेग कमी करण्यापुरत्याच झडपा असत्या, तर रक्त सावकाश का होईना, खाली उतरले असते. ही कृती विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी आणि रक्त कोणत्या दिशेला जाते, याचे उत्तर त्यांनाच देऊ द्यावे.

चौकस विद्यार्थी विचारील, की मग हातात रक्त येते कोठून? नाडी चालू आहे, म्हणजे रोहिणीतून, एवढे सांगता येते. रोहिणीतून ते शिरेत कसे शिरते, हे हार्वेलाही दिसले नव्हते. ते बारीक मार्ग, म्हणजे केशिका, इटालियन वैद्य मार्चेल्लो माल्पिगी याने १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. म्हणून मांडणीत सूक्ष्मदर्शक ठेवायचा असेल, तर तो या प्रयोगाच्या नंतर ठेवावा.