जिवंत देखावा बघायला निघण्याआधी

गेल्या गणपतीत पुण्यात पेठेतल्या एका जिवंत देखाव्यासाठी आम्ही पाऊण तास ताटकळलो. पडदा उघडला आणि चार मिनिटांत खेळ संपला. संवाद स्पीकरच्या खरखरीत बुडाले, बाबांच्या खांद्यावर बसलेल्या लेकीला दिसले ते पुढच्यांचे उंचावलेले मोबाइल. पोरीचा चेहरा एवढासा झाला हो!

म्हणून सांगते, पहिले एक-दोन दिवस टाळा. तेव्हा बऱ्याच मंडळांचं काम चालूच असतं. पोहोचल्याबरोबर कार्यकर्त्यांना पुढच्या खेळाची वेळ विचारा. अर्धा तास असेल तर सरळ पुढे निघा. मेट्रोने मंडईला उतरलात तर तुळशीबाग, गुरुजी तालीम, तांबडी जोगेश्वरी, कसबा हे मानाचे गणपती पायीच होतात. लहानग्यांच्या खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी मात्र ठेवाच.