मेळघाटात नकाशा कोरा पडतो? या चुका टाळा

परतवाडा सोडून सेमाडोह, हरिसाल, धारणीकडे निघालं की घाटात रेंज जाते. निळा ठिपका पुढे सरकतो, भोवती मात्र नुसता राखाडी पडदा. "जीपीएस गेलं" म्हणून फोनला शिव्या देऊ नका. जीपीएस थेट उपग्रहांकडून येतं, त्याला इंटरनेट लागत नाही. तुमच्याकडचा नकाशा संपलेला असतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "रात्री घरी अख्खा रस्ता पाहिला होता ना!" पाहिला, पण डाउनलोड केला नाही. ॲप जगाचा नकाशा चौकोनी तुकड्यांत ठेवतं, त्यांना टाइल म्हणतात. झूम एक पायरी वाढला की एका टाइलच्या चार होतात. चौदाव्या पायरीला जगाच्या २६ कोटींहून जास्त. एवढं कोण आणणार? म्हणून स्क्रीनवर दिसेल तेवढंच येतं, आणि जागा भरली की जुनं टाकून दिलं जातं. तुम्ही परतवाडा ते धारणी वरवर पाहिलंत, सेमाडोहचा फाटा जवळून उघडलाच नाही, तर तो फाटा फोनमध्ये नाहीच. गूगल मॅप्समध्ये 'ऑफलाइन मॅप्स'मधून चौकोन आखून घ्या, आणि तो बुऱ्हाणपूरच्या बाजूलाही जरा ऐसपैस ठेवा. रस्ते चित्रं म्हणून नाही, बिंदू-रेषांचे आकडे म्हणून साठवलेले असतात, त्यामुळे बराच भाग थोडक्या जागेत मावतो.

उतरवलेल्या नकाशालाही मुदत असते. तो आपोआप ताजा होतो, पण सेटिंग 'फक्त वायफाय' असेल आणि गावात वायफायच नसेल तर कसा होणार? मोबाइल डेटाची परवानगी द्या. 'क्लिअर डेटा' दाबलं तर सगळंच जातं.

घाटात फोन बंद-चालू करू नका. पुन्हा चालू झाल्यावर उपग्रह कुठे आहेत ही माहिती फोनला नव्याने लागू शकते; एरवी ती नेटवरून झटकन मिळते. रेंज नसली की ती आकाशातूनच घ्यावी लागते. त्याला मोकळ्या जागीही अर्धा मिनिट लागतं, सागाच्या दाट झाडीत आणखी जास्त.

समोर पांदण रस्ता असून ॲप पाच किलोमीटरचा फेरा सांगतं? जिथं पांदण डांबरी रस्त्याला मिळते तिथं झूम करून बघा. दोन रेषांत बारीक फट असली तर डोळ्यांना रस्ता दिसतो, मार्ग काढणाऱ्या हिशेबात तो जोडलेलाच नसतो. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या, कुणालाही दुरुस्त करता येणाऱ्या नकाशावर चालणाऱ्या ॲपसाठी ही फट तुम्ही स्वतः मिटवू शकता; पुढच्या अपडेटनंतर फेरा वाचतो.

ऑफलाइन असताना रहदारी मात्र कळत नाही. रपट्यावरून पाणी वाहत असलं तरी ॲप तिकडूनच नेईल. पावसाळ्यात निघण्याआधी एसटी स्टँडवर विचारा, सकाळची गाडी पुढे गेली का.