रिसीव्हरला नावे ठेवण्यापूर्वी: होम थिएटरचा आवाज घरच्या घरी कसा जुळवावा

होम थिएटर रिसीव्हर, म्हणजे टीव्हीचा आवाज घेऊन तो सर्व स्पीकरना वाटून देणारे यंत्र, वापरणाऱ्यांची मते सलग वाचत गेले, की एकच यंत्र एकाच्या मते अप्रतिम आणि दुसऱ्याच्या मते टाकाऊ ठरलेले दिसते. तक्रारी मात्र ठरलेल्या असतात. संवाद ऐकू येत नाहीत आणि हाणामारी सुरू झाली की आवाज कमी करण्यासाठी रिमोट शोधावा लागतो. सबवूफर, म्हणजे फक्त खालच्या पट्टीचा आवाज (बेस) देणारा स्पीकर, नुसता घुमतो. मागचे स्पीकर असून नसल्यासारखे आहेत. यंत्र तापून मध्येच बंद पडते. यांपैकी पहिल्या तीन तक्रारींचा यंत्राच्या दर्जाशी क्वचितच संबंध असतो. नागपुरात नातेवाइकांच्या आणि मित्रांच्या घरी रिसीव्हर लावून देण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे. त्यावरून माझे मत असे झाले आहे की, नीट जुळवलेला चाळीस हजारांचा रिसीव्हर, न जुळवता तसाच वाजवलेल्या दीड लाखाच्या रिसीव्हरपेक्षा ऐकायला बरा वाटतो. पुढील मजकूर पाच स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे ५.१ संच, गृहीत धरून लिहिला आहे.

खरेदीबाबत दोनच गोष्टी सांगतो. अमेरिकेतील भावाकडून किंवा भाच्याकडून स्वस्तात मागवलेला रिसीव्हर १२० व्होल्टचा असतो, तर आपल्या घरातील वीज २३० व्होल्टची. त्यासाठी जड ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो आणि वॉरंटी इथे चालेल याची खात्री नसते, त्यामुळे त्या वाटेला जाऊ नये. दुसरे म्हणजे, खोक्यावरील वॅटचा आकडा एकच चॅनेल (एका स्पीकरची वाट), ६ ओहम (स्पीकरचा विद्युत रोध), १ किलोहर्ट्झ आणि आवाजात १० टक्के विकृती अशा सोयीच्या अटींवर मोजलेला असू शकतो. ८ ओहमवर, दोन चॅनेल चालू ठेवून, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ या पूर्ण पट्ट्यात मोजलेला आकडा तेवढा विचारात घ्यावा. शक्ती दुप्पट झाली तरी आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. म्हणजे ८० वॅट की १०० वॅट, यावर नागपूरच्या सीताबर्डीतील दुकानात तासभर चालणारा वाद एका डेसिबलचाही नसतो.

मांडणी आणि जोडणी

समोरचे दोन स्पीकर मुख्य आसनापासून मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना साधारण ३० अंशांवर, मागचे दोन ११० ते १२० अंशांवर आणि सेंटर, म्हणजे मुख्यतः संवाद वाजवणारा मधला स्पीकर, टीव्हीखाली, फळीच्या अगदी कडेला आणून कानाच्या दिशेने किंचित वर कललेला ठेवावा. तारांचे लाल टोक लालला आणि काळे काळ्याला जोडावे.

टीव्हीच्या ज्या एचडीएमआय खाचेवर एआरसी किंवा ईएआरसी (टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे परत नेणारी सोय) लिहिलेले असते, तीच खाच रिसीव्हरच्या टीव्हीकडे जाणाऱ्या खाचेला जोडावी आणि दोन्ही यंत्रांत सीईसी (एचडीएमआयमधून एकमेकांना सूचना देण्याची सोय) चालू करावे. त्यानंतर टीव्हीच्या ध्वनी सेटिंगमध्ये जाऊन ‘पीसीएम’ऐवजी ‘बिटस्ट्रीम’, ‘ऑटो’ किंवा ‘पास-थ्रू’ निवडणे आवश्यक आहे, कारण साध्या एआरसीवर पीसीएम म्हणजे केवळ स्टिरिओ, दोनच चॅनेल. मागचे स्पीकर गप्प असल्याची तक्रार मी ज्या ज्या घरी पाहिली, तिथे बहुधा ही एकच ओळ बदलून ती मिटली.

माइकने मोजणी

खरे काम इथून सुरू होते, आणि याच टप्प्याने मला सर्वांत जास्त दमवले आहे. रिसीव्हरसोबत एक छोटा माइक येतो. यंत्र प्रत्येक स्पीकरमधून चाचणीचा ध्वनी सोडते, माइकने तो ऐकते आणि अंतर, पातळी व खोलीमुळे आलेले चढउतार यांचा हिशेब करते. डेनॉन आणि मरांट्झच्या बहुतेक रिसीव्हरमध्ये या व्यवस्थेला ऑडिसी म्हणतात, यामाहामध्ये वायपाओ. इतर कंपन्यांची नावे निराळी असली तरी काम तेच आहे. ‘माइक सोफ्यावर ठेवा, बटण दाबा आणि पाच मिनिटांत मोकळे व्हा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो वाईट सल्ला आहे, आणि संवाद ऐकू न येण्याच्या निम्म्या तक्रारी त्यातूनच जन्माला येतात, असे माझे ठाम मत आहे.

सर्वप्रथम शांतता हवी. नागपुरात मार्चअखेरीस कूलर सुरू होतो तो पाऊस स्थिरावेपर्यंत बंद होत नाही, आणि घरातील माणसांना त्याच्या घरघरीची इतकी सवय झालेली असते की तो चालू आहे हेच कोणाच्या लक्षात येत नाही. माइकच्या मात्र लक्षात येते. कूलरच्या पंख्याची खालच्या पट्टीतली घरघर नेमकी सबवूफरच्या क्षेत्रात मिसळते आणि मोजणीचे आकडे बिघडवते. म्हणून कूलर, छताचा पंखा आणि स्वयंपाकघर हॉलला लागून असेल तर फ्रिजसुद्धा बंद करून मोजणी करावी. मे महिन्यात हे काम पहाटे उरकावे; दुपारी कूलर बंद करून अर्धा तास शांत बसा, असे घरच्यांना सांगण्याची हिंमत मी तरी करीत नाही. वर्धा रोडसारख्या रहदारीच्या रस्त्यालगत घर असेल, तर पहाटेला पर्यायच नाही.

माइक ट्रायपॉडवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर असावा. तो गादीवर ठेवू नये, हातात धरू नये आणि सोफ्याची पाठ उंच असेल तर तिच्यापासून वीतभर पुढे ठेवावा, नाहीतर पाठीवरून परतलेला आवाजही मोजला जातो. पहिली मोजणी मुख्य आसनाचीच असली पाहिजे, कारण स्पीकरची अंतरे तिच्यावरून ठरतात. पुढील मोजण्या त्या आसनाभोवती दीड-दोन फुटांच्या परिघात, थोड्या पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे घ्याव्यात. कोपऱ्यातल्या खुर्चीपासून भिंतीलगतच्या दिवाणापर्यंत माइक फिरवणारे लोक सर्वांना चांगला आवाज मिळावा या उदार हेतूने तसे करतात, आणि परिणामी तो कोणालाच मिळत नाही.

सबवूफरची तयारी मोजणीआधी करायची असते. त्याच्यावरील क्रॉसओव्हरचे (किती हर्ट्झखालचा आवाज सबवूफरने वाजवायचा ते ठरवणारे) बटण शेवटच्या टोकाला किंवा ‘एलएफई’वर (चित्रपटातील बेसचा स्वतंत्र चॅनेल) न्यावे, कारण गाळणी रिसीव्हर करणार आहे आणि ती दोनदा व्हायला नको. आवाजाचे बटण मध्यावर ठेवावे आणि आपोआप झोपी जाण्याची सोय बंद करावी. मोजणीनंतर सबवूफरची पातळी उणे १२ डेसिबल अशी तळाला टेकलेली दिसली, तर यंत्राला आणखी खाली जायचे होते पण जागा उरली नाही, असा त्याचा अर्थ होतो. अशा वेळी सबवूफरचे बटण कमी करून पुन्हा मोजावे. हा आकडा उणे ३ ते उणे ८ यांच्या दरम्यान आला की मी पुढे जातो.

सबवूफरची जागा हा स्वतंत्र विषय आहे, पण तो टाळून चालत नाही. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला, तर १५ फूट लांब आणि १२ फूट रुंद हॉलमध्ये साधारण ३७ आणि ४७ हर्ट्झला भिंतींमध्ये उभ्या लाटा तयार होतात. अशी लाट भिंतीपाशी फुगते आणि खोलीच्या मध्यावर विरते. आपल्या फ्लॅटमध्ये सोफा बहुधा मागच्या भिंतीला टेकलेला असतो. तिथे बसणाऱ्याला बेस घुमल्यासारखा वाटतो, आणि सोफा ओढून बरोबर मध्यावर आणला तर तोच बेस गायब होतो. गायब झालेला बेस कोणतेही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही, कारण तिथे शक्ती वाढवली तरी लाटा एकमेकींना खोडतच राहतात. सोफा भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे घेणे हाच बिनखर्चाचा उपाय आहे. त्यानंतर सबवूफर उचलून थोडा वेळ मुख्य आसनावर ठेवावा, खालच्या पट्टीचे एखादे संगीत लावावे आणि स्वतः भिंतींच्या कडेने गुडघ्यांवर फिरत जिथे तो सर्वांत समतोल ऐकू येतो ती जागा शोधावी. सबवूफर तिथेच ठेवावा. हा प्रकार हास्यास्पद दिसतो, हे मान्य आहे.

यंत्राने काढलेले आकडे तपासणे

मोजणी संपल्यावर यंत्राचे सगळे ऐकायचे नसते. समोरचे स्पीकर थोडे मोठे असले की रिसीव्हर त्यांना ‘लार्ज’, म्हणजे पूर्ण बेस स्वतः वाजवू शकणारे, ठरवतो आणि मालक सुखावतात. ही नोंद ‘स्मॉल’ करावी आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर न्यावा. ‘स्मॉल’ म्हटल्याने स्पीकरचा अपमान होत नाही. ८० हर्ट्झच्या खालचे जड काम स्वतःचा ॲम्प्लिफायर असलेल्या सबवूफरकडे जाते आणि रिसीव्हरच्या ॲम्प्लिफायरवरचा भार हलका होतो, एवढाच त्याचा अर्थ आहे. यंत्राने लहान स्पीकरसाठी १०० किंवा १२० हर्ट्झ सुचवले असेल, तर मात्र ते खाली आणून ८० करू नये. सुचवलेला आकडा वर नेता येतो, खाली नाही, कारण त्याखाली तो स्पीकर पुरेसा वाजत नसल्याचे मोजणीतच दिसलेले असते. ‘एलएफई अधिक मेन’ हा ‘लार्ज’ स्पीकरचा बेस सबवूफरलाही पाठवणारा पर्याय बंद ठेवावा आणि एलएफईची मर्यादा १२० हर्ट्झवर राहू द्यावी.

सबवूफरचे अंतर फीतीने मोजलेल्या अंतरापेक्षा काही फूट जास्त दिसेल. ती चूक नव्हे. सबवूफरच्या आतल्या यंत्रणेत ध्वनीला जो उशीर होतो, तो रिसीव्हर अंतराच्या रूपात मांडतो. हा आकडा ‘दुरुस्त’ करणाऱ्यांनी केलेली मोजणी वाया घालवलेली असते. स्पीकरच्या तारा उलट जोडल्याची सूचना आली तर तारा एकदा पाहाव्यात. त्या बरोबर असतील तर सूचना वगळून पुढे जावे, कारण काही स्पीकरच्या रचनेमुळे ती उगाच येते.

आता संवाद. एवढे झाल्यावरही ते दबलेले वाटले, तर सेंटरची पातळी २ डेसिबलने, फार तर ३ डेसिबलने वाढवावी. ऑडिसी असलेल्या रिसीव्हरमध्ये ‘डायनॅमिक ईक्यू’ बहुधा आधीच चालू असतो. तो कमी आवाजात बेस आणि मागचे स्पीकर उचलतो. चित्रपट पाहताना ते चांगले वाटते, पण बातम्या आणि मालिका पाहताना डोईजड होते, म्हणून तिथे ही वाढ कमी करणारा ‘रेफरन्स ऑफसेट’ १० डेसिबलवर ठेवावा. मोठ्या आणि लहान आवाजातला फरक कमी करणारा ‘डायनॅमिक व्हॉल्यूम’ मात्र रात्री, घरातली मंडळी झोपल्यावरच लावावा. मोबाइलवरील मोजमापाच्या ॲपने सबवूफर तपासू नये, कारण फोनचे माइक खालची पट्टी नीट ऐकत नाहीत. हे सगळे लावल्यावर आठवडाभर काहीही न बदलता ऐकावे.

तापणे

चौथी तक्रार खोटी नाही. अनेक रिसीव्हरच्या पुस्तिकांत वापराच्या तापमानाची मर्यादा ३५ अंश दिलेली असते, आणि नागपूरच्या मे महिन्यात बाहेरचा पारा ४५ अंशांवर जातो. अशा शहरात काचेचे दार असलेल्या शोकेसमध्ये रिसीव्हर कोंडून वर सेट-टॉप बॉक्स ठेवणाऱ्याने यंत्राला दोष देऊ नये. वर वीतभर जागा मोकळी सोडावी आणि मागची फळी काढून टाकावी. कूलरचा झोत रिसीव्हरवर वळवणे ही इथली लाडकी युक्ती आहे, पण ती करू नये. त्या हवेत ओल असते आणि धूळही. रिसीव्हर थंड असतानाही बंद पडत असेल, तर मागे तारेचा एखादा सुटा धागा शेजारच्या टोकाला टेकलेला नाही ना, हे आधी पाहावे. चौकोनी लहरीच्या जुन्या इन्व्हर्टरवर रिसीव्हर चालवू नये.

मते कशी वाचावीत

एवढे केल्यावर इतर मालकांची मते वेगळ्या नजरेने वाचता येतात. ज्याने खोलीचे माप, स्पीकरचे नाव आणि मोजणी कशी केली हे लिहिलेले नाही, त्याचे आवाजाविषयीचे मत, चांगले असो वा वाईट, मी सोडून देतो. पहिल्याच दिवशी लिहिलेल्या कौतुकालाही फारसा अर्थ नसतो. लक्षपूर्वक वाचावीत ती दोन-तीन वर्षांनी लिहिलेली मते: एचडीएमआयचा भाग निकामी होणे, नव्या टीव्हीबरोबर एआरसी न जुळणे, सुटा भाग मिळायला महिने लागणे. या गोष्टी कोणत्याही मोजणीने सुधारत नाहीत. घेण्यापूर्वी दुकानदाराला एवढे जरूर विचारावे की दुरुस्ती नागपुरातच होते, की यंत्र पुण्या-मुंबईला पाठवावे लागते, आणि पाठवावे लागत असल्यास ने-आणीचा खर्च कोणाचा. त्याचे उत्तर बिलावर लिहून घ्यावे.

सोफा हलवला, जाड पडदे लावले किंवा गालिचा काढला, तर मोजणी पुन्हा करावी. रिसीव्हरचे सॉफ्टवेअर अद्ययावत करण्यापूर्वी किंवा तो रीसेट करण्यापूर्वी पातळी, अंतर आणि क्रॉसओव्हर यांच्या स्क्रीनचे फोटो काढून ठेवावेत, कारण त्यानंतर आकडे पुसले जाऊ शकतात.