धुऱ्यावरच्या पन्नीतून कार्बन नॅनोट्यूब? आधी या चुका टाळा

मिरची निघाली की धुऱ्यावर मल्चिंगची पन्नी, ठिबकच्या नळ्या, खताची पोती यांचा ढीग लागतो अन् कोणीतरी काडी लावून देतो, तेव्हा जीव जळतो राजेहो, कारण पॉलिथिलीनच्या 100 ग्रॅममध्ये जवळपास 86 ग्रॅम कार्बनच असतो. त्यातून नॅनोट्यूब, म्हणजे केसाहून हजारो पट बारीक कार्बनच्या पोकळ नळ्या, बनतात. पण प्रोजेक्ट करणारे पोट्टे भट्टीवर सगळा जोर लावतात आणि माल बिघडतो तो निवडण्यातच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ठिबकचा सगळा सेट एकाच पोत्यात भरणं. ओळीत टाकायची बारीक लॅटरल नळी पॉलिथिलीनची असते पण तिला पाणी पुरवणारा जाड सबमेन पाइप बहुतेक पीव्हीसीचा, आणि पीव्हीसीत वजनाच्या निम्म्याहून जास्त क्लोरीन असतं, तापवलं की हायड्रोक्लोरिक ॲसिडचा वायू निघतो, तो लोखंडी नळी खातो, कॅटॅलिस्ट (ज्याच्यावर नॅनोट्यूब वाढतात ती धातूची भुकटी) मारतो आणि छातीतही जातो. म्हणून तुकडे करून बादलीत टाका, साबणाचा एक थेंब घाला म्हणजे हवेचे बुडबुडे चिकटत नाहीत, नीट ढवळा. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रोपिलीन तरंगतं, पीव्हीसी बुडतं. पाण्याच्या बाटल्याही बुडतात, त्याही काढा, त्यांच्यामुळे थंड नळीत पांढरा थर जमून लाइन चोक होते. फवारणीच्या औषधाचे डबे तर हातातच घेऊ नका.

पन्नीची माती धुवा, आणि पूर्ण वाळवा. माती राख बनून मालात राहते अन् ओल राहिली तर 700 डिग्रीच्या वर तीच वाफ तयार कार्बन खाते.

काळी भुकटी निघाली म्हणजे नॅनोट्यूब झाली असं नाही, ती साधी काजळीही असू शकते. इथं कामं दोन आहेत, आधी हवा बंद ठेवून साधारण 500 डिग्रीला प्लास्टिकचा वायू करायचा, मग तो दुसऱ्या भट्टीत लोखंड किंवा निकेलच्या कॅटॅलिस्टवरून 700-800 डिग्रीला न्यायचा. तेलच जास्त येतंय? दुसरी भट्टी थंड आहे नाहीतर माल घाईत टाकताय. खात्री इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आणि रामन टेस्टनेच (लेझरचा प्रकाश टाकून कार्बनची रचना ओळखायची तपासणी) होते.

आणि हे शेतात ड्रममध्ये करून पाहू नका, यात हायड्रोजन निघतो, हवा शिरली की स्फोट होतो. गावात निवडणं, धुणं, वाळवणं करा, भट्टी मात्र हवा बाहेर ठेवायला नायट्रोजनची सोय असलेल्या लॅबमध्येच चालवा. तिथंही भुकटी कोरड्या झाडूनं झाडायची नाही, ओल्या कापडानं पुसायची, कारण नॅनोट्यूबचे हे बारीक धागे श्वासातून फुफ्फुसात जाऊन बसतात.