अरेस्टर वर ठीक, खाली अर्थिंग कोरडं

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचा लाइटनिंग अरेस्टर (पडलेली वीज जमिनीत उतरवणारी यंत्रणा) वळवाच्या आधी तपासायला घेतला. गच्चीवरचा दांडा ताठ, पट्ट्याही धड. मालक म्हणाले, "साहेब, सगळं ओके आहे की!" वरून ओकेच दिसतं. आभाळ निरभ्र बघून टेस्ट लिंक, म्हणजे पट्टीतला तपासणीसाठीचा जोड, सोडवली, अर्थ टेस्टर लावला, तर अर्थिंगचा रोध ४१ ओहम. १० च्या आत हवं.

अर्थिंगचा पाइप पुरलेल्या खड्ड्याचं झाकण काढल्यावर कारण कळलं. आपली काळी माती उन्हात आकसते. पाइपाभोवती बोट जाईल एवढी फट पडलेली. मातीला पाइप टेकतच नसेल तर वीज उतरणार कुठे? त्यात तांब्याची पट्टी थेट जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपावर आवळलेली. ओल लागली की अशा जोडात जस्ताचा मुलामा आधी जातो. नट फिरवला तर पांढरा भुगा हातात आला.

फटीत बेंटोनाइट (ओल धरणारी माती) कालवून भरलं. मीठ टाका, असं एकाने सुचवलं. त्याने पाइप लवकर सडतो, म्हणून टाळलं. दोन वेगळे धातू जोडायचा बायमेटॅलिक क्लॅम्प बसवला, पाइपाच्या लांबीइतकं अंतर सोडून दुसरा इलेक्ट्रोड (जमिनीत पुरायचा तसाच पाइप) जोडला. आता ७ ओहम. पॅनेलमध्ये एसपीडी (अचानक वाढलेल्या व्होल्टेजपासून वाचवणारं उपकरण) नव्हता, तोही लावायला सांगितलाय. लूमची (मागाची) इलेक्ट्रॉनिक कार्डं नुसत्या दांड्याने वाचत नाहीत. पुढचं रीडिंग मे महिन्यातच घेणार, पावसाळ्यात काय, कुठलंही अर्थिंग पास होतं.