गावातल्या म्हाताऱ्यांसाठी डबा सुरू करताय? या चुका टाळा, आम्ही सगळ्या करून बसलोय

पहिल्या महिन्यात आमचा हिशोब एकदम झकास होता. २३ डबे गेले, २३ रिकामे परत आले, वहीत टिकमार्क, व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो, खाली मुंबईच्या चाकरमान्यांचे अंगठे आणि हात जोडलेले इमोजी. मग एक दिवस वरच्या वाडीतल्या एका काकूंच्या खळ्यात पाणी प्यायला टेकलो तर समोर कोंबड्या चपातीचे तुकडे टिपतायत, आणि चपाती आमचीच, कालच मी पोचवलेली. विचारलं तर काकू अजिबात न लाजता म्हणाल्या, "चावत नाय रे बाबा, पण तू एवढा चढून येतोस, परत कशी देऊ?"

रत्नागिरी जिल्ह्यातलं गाव आमचं, नाव राहू दे. सात वाड्या, मधे पऱ्या (ओढा) आणि पाखाड्या (चढ-उताराच्या दगडी पायवाटा), तरुण पोरं मुंबई-पुण्याला आणि घरात एकटीदुकटी म्हातारी माणसं. अशी गावं कोकणात किती आहेत ते मी सांगायला नको. कुणी असं काही सुरू करत असेल तर आमची फजिती वाचून घ्या आधी.

रिकामा डबा म्हणजे जेवण झालं, असं धरू नका

ही सगळ्यात मोठी चूक आणि बाकीच्या निम्म्या चुका हिच्यातूनच निघतात. आम्ही स्वयंपाकाचा विचार केला, गॅसचा केला, पेट्रोलचा केला, फक्त घास तोंडात जातो की नाही हे कुणी बघितलंच नाही. त्यात आपल्याकडे भांडं उष्टं परत द्यायचं नाही आणि रिकामंही द्यायचं नाही, त्यामुळे डबा घासून पुसून वर दोन आमसुलं टाकून परत यायचा आणि आम्ही खूष! उरलेलं गेलं कुत्र्याला, कोंबड्यांना, नाहीतर शेजारच्या नातवाला.

मग आम्ही सांगितलं की उरलेलं तसंच ठेवा, धुऊ नका. झालं, दोन आजी रुसल्या, आम्ही काय तपासणीला बसलोय का म्हणून. त्यामुळे तसं तोंडावर सांगू नका. डबा देणाऱ्याने कालचा डबा घेताना पाच मिनिटं पडवीत बसायचं आणि काल भाजी कशी झाली होती ते विचारायचं, एवढं पुरतं. मीठ कमी होतं असं लगेच उत्तर आलं तर जेवलेत. "बरी होती हो" एवढंच आलं तर थोडं खोदा.

दुसरं म्हणजे वजन. महिन्यातून एकदा वजनकाटा घेऊन फिरा, आशाताईंना बरोबर घेतलं तर लोक काट्यावर उभे राहतात, आमच्यासारख्यांनी सांगितलं तर हसतात. काटा नसेल तर बांगड्या बघा, पोलकं बघा. मनगटातली बांगडी कोपराकडे सरकायला लागली की काहीतरी बिनसलंय, मग ते जेवण असेल, दात असतील, पोट असेल नाहीतर मन असेल.

चपाती, मोड आलेली उसळ, काकडीची कोशिंबीर

पौष्टिक म्हणून आम्ही हेच द्यायचो. कागदावर उत्तम. पण ज्याच्या तोंडात चार दात त्याला काकडी म्हणजे शिक्षा. दात नसलेल्या माणसाला काय देतात हे आपल्या आज्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं, म्हणून मेन्यू ठरवायला त्यांनाच बसवा. आम्हाला त्यांच्याकडून मिळालं ते म्हणजे घावणे, मऊ आंबोळी, कुळथाची पिठी, घोटलेली आमटी, लाल भोपळ्याची भाजी, मूगडाळीची सैल खिचडी. नाचणीची भाकरी गरम आमटीत कुस्करून चालते पण गार झाली की तीही दगड.

पण मऊ म्हणजे नुसती पेज नव्हे बरं का, इथे आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो. पेजेवर माझा राग नाही, आजारपणात तिच्यासारखं काही नाही, पण रोज दोन वेळा पेज आणि लोणचं म्हणजे पोट भरतं आणि अंग झिजतं. गणित करून बघा. आयसीएमआर-एनआयएन या सरकारी पोषण संस्थेच्या हिशोबात मोठ्या माणसाला रोज वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे ५० किलोच्या आजीला ४१-४२ ग्रॅम. मूठभर, समजा ५० ग्रॅम तांदळाच्या पेजेत जेमतेम चार ग्रॅम. त्याच पेजेबरोबर ३० ग्रॅम कुळथाच्या पिठाची पिठी दिली की सहा-सात ग्रॅम वाढले, एक अंडं दिलं की आणखी सहा, पेलाभर दूध दिलं की तेवढेच. महाग काहीच नाही यात. अंडं उकडून अख्खं दिलं तर घशात अडकतं असं म्हणतात म्हणून आम्ही कुस्करून भातात देतो. माळकरी असतील त्यांना दूध, ताक, शेंगदाण्याचं कूट. आणि हे आधी विचारून घ्या, कारण माळकऱ्याच्या डब्यात एकदा अंडं गेलं तर तो माणूस तुमच्या किचनचं पाणीसुद्धा पिणार नाही परत.

मूत्रपिंडाचा आजार असेल, अर्धांगानंतर गिळताना ठसका लागत असेल तर स्वतःचं डोकं चालवू नका, डॉक्टरांना विचारून त्या माणसाचा डबा वेगळा करा.

डबा उशिरा आणि गोळी वेळेवर

या चुकीने आम्हाला खरं घाबरवलं. शुगरची गोळी घेतलेले एक आजोबा, पावसात पऱ्या भरला म्हणून डबा पाऊण वाजताच्या जागी सव्वादोनला पोचला. आजोबा घामाने भिजलेले, हात थरथरतायत, काहीतरी भलतंच बोलतायत. आम्हाला वाटलं वय झालं. शेजारच्या सुनेने तोंडात साखर घातली आणि पंधरा-वीस मिनिटांत माणूस ताळ्यावर आला, मग डॉक्टरांना फोन. शुगरच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेऊन माणूस उपाशी राहिला तर साखर झपकन खाली येते. (शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना.)

तेव्हापासून यादीत नावापुढे खूण असते, कोण गोळी घेतं, कोण इन्सुलिन घेतं. त्यांचे डबे आधी निघतात, रस्त्यात कुणाचं घर आधी लागतं ते बघायचं नाही. त्यांना सांगून ठेवलंय की डबा हातात आल्याशिवाय जेवणाआधीची गोळी घ्यायची नाही, हेसुद्धा डॉक्टरांना विचारूनच. शिवाय अशा प्रत्येक घरात बिस्किटाचा पुडा आणि साखरेची डबी असते का ते बघतो. संकष्टी, एकादशी, सोमवार, श्रावण, हे उपास वेगळेच. शुगरवाल्या माणसाने निर्जळी धरली तर आपण काय करणार, भांडायचं थोडं आणि मुलाला फोन लावायचा.

दुपारचा डबा रात्रीसुद्धा

आम्ही एकच वेळ द्यायचो, दुपारची. म्हाताऱ्या माणसांनी काय केलं? अर्धं दुपारी, अर्धं रात्री. साहजिक आहे, रात्री चूल कोण पेटवणार. पण भात-आमटी पावसाळ्यातल्या दमट हवेत सहा-सात तास बाहेर, आणि शिजलेल्या भातात जे जंतू वाढतात त्यांचं विष परत गरम करून जात नाही. दोघांना जुलाब झाले आणि बोल आमच्या स्वयंपाकाला लागला, जो सकाळी ताजाच होता!

उपाय सोपा होता, पण सुचायला वेळ लागला. रात्रीसाठी टिकणारं काहीतरी कोरडं वेगळं द्यायचं, म्हणजे भाजलेल्या पोह्यांचा चिवडा (तिखट कमी, दात नसतील तर दुधात भिजवायला नुसते पोहे), नाचणीच्या सत्त्वाची पुडी, राजगिऱ्याचा लाडू. ओला डबा दुपारीच संपवायचा. बाहेर न्यायचं अन्न गरमच भरा, शिजवून कोमट करून भरलं की वाटेतच बिघडायला सुरुवात. आणि छोट्या किचनसाठी असते ती एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा बघणारं सरकारी खातं) साधी नोंदणी करून घ्या, फुकट वाटत असाल तरी.

आणखी एक बारीक गोष्ट, झाकण. तीन खणांचा, क्लिपवाला, घट्ट रबरचा नवाकोरा स्टीलचा डबा आम्ही घेतला होता सांडू नये म्हणून, आणि सांधे दुखणाऱ्या बोटांना तो उघडतच नव्हता. एक आजी सूरी घालून उघडायची! आता साधे कडीचे डबे घेतलेत, डबा देणारा झाकण सैल करूनच हातात देतो.

रील बघून गाव चालवू नका

गुजरातमधल्या मेहसाणा जिल्ह्यातल्या चांदणकी गावाचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितले असतील. गावातली वयस्कर माणसं एकाच हॉलमध्ये एकत्र जेवतात, घरी स्वयंपाक नाही. छानच आहे, एकत्र जेवलं की माणूस दोन घास जास्त खातो हे आम्ही पण बघितलंय. म्हणून आम्ही पण समाजमंदिरात पंगत सुरू केली आणि पहिल्या आठवड्यात खालच्या दोन वाड्यांतलेच लोक आले. बाकीच्यांना पाखाडी उतरून परत चढायची, गुडघे कुणाचे घेऊन? सपाटीवरचं गाव वेगळं, आमचं वेगळं. आता रोज डबा आणि आठवड्यातून एकदा पंगत, तीही वाडीवाडीत कुणाच्या तरी अंगणात. कोण कुणाच्या अंगणात जेवतो हा प्रश्न गावात अजून आहे, नाही म्हणण्यात अर्थ नाही, पहिल्यांदा आम्ही शाळेच्या पटांगणात बसवलं आणि मग हळूहळू अंगणं उघडली.

शाळेवरून आठवलं. तामिळनाडूत तेव्हाचे मुख्यमंत्री एमजीआर यांनी १९८२ ला शाळेतल्या पोरांच्या जेवणाची योजना वाढवली आणि पुढे त्याच केंद्रांवर पेन्शनवाल्या वृद्धांनाही जेवण मिळायला लागलं. आपल्याकडे पण कुणीतरी म्हणतंच की शाळेचं किचन आहे ना, तिथेच करूया. पोषण आहाराचा शिधा पोरांच्या नावावर येतो, त्याला हात लावायचा नाही, आणि मे महिन्यात शाळा बंद, म्हातारी माणसं मात्र मे महिन्यात पण जेवतात.

फुकट म्हटलं की नको म्हणतात

ज्यांना खरी गरज ते आधी नकार देतात. आयुष्यभर स्वतःच्या शेतातलं खाल्लेलं माणूस "मोफत भोजन" असा बोर्ड वाचून पाठ फिरवणारच. श्रावणबाळ योजनेच्या पेन्शनचे १५०० रुपये महिन्याला ज्यांना मिळतात ते त्यातून थोडे देऊ शकतात, आणि द्यायचे असतात त्यांना. कुणी पैसे, कुणी नारळ, कुणी पायलीभर तांदूळ, एक आजोबा आम्हाला केळीची पानं पुरवतात. वहीत सगळ्यांच्या नावापुढे काही ना काही लिहिलेलं असतं. मुलगा मुंबईहून जीपे करत असेल तर हप्ता थांबला म्हणून डबा थांबवायचा नाही, ते पहिल्या दिवशीच ठरवून टाका, कारण बापाला माहीतच नसतं की पैसे थांबलेत.

गणपतीनंतरचा आठवडा

गौरी-गणपतीत घरं भरतात म्हणून आम्ही डबा बंद ठेवायचो, आणि चाकरमानी परत गेल्यावर दोन दिवस आराम करून सुरू करायचो. तेच दोन दिवस सगळ्यात वाईट. काल पंधरा माणसं जेवत होती त्या घरात आज एकटी म्हातारी, तिला भूकच लागत नाही. आता मंडळी गाडीत बसली की त्याच दिवशी डबा जातो आणि जो नेतो तो जरा जास्त वेळ बसतो. भातकापणीचं पण तसंच, डबे पोचवणारी माणसं स्वतः शेतात असतात, तेव्हा कोण जाणार ते आधी ठरवा.

राहिलं ते दार. हाक मारली आणि ओ आली नाही तर डबा ओटीवर ठेवून पुढे जायचं नाही, कधीच नाही. आमच्याकडे एकाने ठेवला होता, संध्याकाळी कळलं की काकू न्हाणीत पडल्या होत्या, सकाळपासून. त्यानंतर प्रत्येक घरामागे तीन गोष्टी लिहिल्यात, शेजारी चावी कुणाकडे, मुलाचा किंवा मुलीचा नंबर, आणि माणूस सहसा कुठे असतं, म्हणजे गोठा, परसू, विहीर. घरातच त्रास देतंय कुणी, औषध मिळत नाहीये असं कळलं तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन आहे, तो नंबर डब्याच्या पिशवीवर मार्करने लिहून टाका. मोठ्या आकड्यांत लिहा, चष्मा न लावता दिसतील असे.