तसबीर फ्रेम करताना आणि भिंतीवर लावताना या चुका टाळा

आमचे आजोबा सोलापूरच्या जुन्या मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, कामाला होते. त्या खात्यातील माणसांचा एक समूहफोटो आमच्या ओसरीवर अनेक वर्षे टांगलेला होता. चौकटीची पट्टी खिळखिळी झाली म्हणून तो नव्याने फ्रेम करायला दिला, तेव्हा वरच्या रांगेतील तीन चेहरे काचेला चिकटलेले निघाले. कारागिराने कागद किंचित ओढला आणि त्यांतील एक चेहरा काचेवरच राहिला. कागदावर उरला तो नखाएवढा पांढरा डाग. ते आमचे आजोबा नव्हते. पण त्या माणसाच्या घरीही कुणीतरी हा फोटो शोधत असेल, हा विचार अजून मनातून जात नाही.

फोटो थेट काचेला टेकवणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. जुन्या कृष्णधवल फोटोंच्या पृष्ठभागावर जिलेटिनचा थर असतो. दमट हवेत तो फुगून मऊ होतो आणि काचेला धरतो. सोलापूरची हवा कोरडी, इथे ओल कसली, असे आपण म्हणतो. परंतु एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांपलीकडे गेला की घरोघरी कूलर सुरू होतात, त्यांची ओलसर हवा रात्रभर समोरच्या भिंतीवर येत राहते, आणि पुढे आपल्याकडचा सर्वाधिक पाऊस सप्टेंबरात पडतो. म्हणून फोटो आणि काच यांच्यामध्ये माउंट, म्हणजे मधोमध खिडकी कापलेला जाड पुठ्ठा, हवाच, आणि त्याची जाडी निदान दोन मिलिमीटर असावी. फोटोला कडेने मोकळी जागा नसेल, तर चौकटीच्या पट्टीआड लपणारी बारीक पट्टी चारही बाजूंनी काचेखाली बसवून घ्यावी.

फोटो आधीच चिकटला असेल, तर तो ओढू नये, पाण्यात बुडवू नये आणि ड्रायरने तापवूही नये. काचेसकट बाहेर काढून, मागून सपाट पुठ्ठ्याचा आधार देऊन, तिरक्या उजेडात त्याचे चांगले छायाचित्र घ्यावे आणि मूळ फोटो त्याच काचेवर राहू द्यावा. आमच्या बाबतीत हे कुणी वेळेवर सांगितले असते, तर तो चेहरा वाचला असता.

दुसरी चूक मागच्या बाजूला होते आणि ती दिसत नाही, म्हणून अधिक फसवते. साधा पुठ्ठा आणि हार्डबोर्ड यांत लाकडातील लिग्निन असते. काळ जाईल तसे त्यातून आम्ल तयार होते आणि कागद पिवळा, मग ठिसूळ होतो. माउंटच्या खिडकीच्या कडेने चित्रावर तपकिरी रेघ उमटलेली दिसली, तर माउंट आम्लयुक्त आहे असे समजावे. दुकानात ॲसिड-फ्री, म्हणजे आम्लरहित, बोर्ड स्पष्ट शब्दांत मागून घ्यावा, आणि मजबुतीसाठी हार्डबोर्ड लागणारच असेल, तर हार्डबोर्ड आणि चित्र यांच्यामध्ये हा ॲसिड-फ्री बोर्ड घालावा.

चिकटवण्याबाबत माझे मत कडक आहे. सेलोटेप, सुतारी पांढरा गोंद आणि लॅमिनेशन या तिन्ही गोष्टी मूळ वस्तूला लावू नयेत, कारण जे चौकटीत जाते ते उद्या जसेच्या तसे बाहेर काढता आले पाहिजे. फोटोसाठी जुन्या अल्बममध्ये असत तसे कागदी कोपरे पुरतात. त्यांत फोटोला डिंकाचा थेंबही लागत नाही. चित्र किंवा कागद असेल, तर फक्त वरच्या कडेला पातळ, लांब धाग्यांच्या कागदाच्या दोन लहान पट्ट्या लावून तो टांगता ठेवावा. चारही बाजूंनी चिकटवलेला कागद हवेबरोबर फुगतो-आकसतो आणि त्याला लाटा येतात. या पट्ट्यांसाठी जगभरचे जतनतज्ज्ञ गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात. कुरडयांसाठी आपण गव्हाचा चीक काढतो, त्याचेच ते शुद्ध रूप आहे. विणकरांच्या या शहरात खळ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. ती पातळ आणि अगदी थोडी लावावी, नाहीतर कसर लागते.

कापडाची गोष्ट वेगळी आहे. आजीच्या इरकलीचा पदर किंवा हातमागावर विणलेली वॉल हँगिंगची तसबीर कधीही बोर्डावर चिकटवू नये. धुऊन खळ काढलेले मांजरपाट बोर्डावर ताणून बसवावे आणि त्यावर मूळ कापड बारीक सुती दोऱ्याने टाचावे. सुई धाग्यातून न घालता दोन धाग्यांच्या मधून न्यावी. वजन सर्व बाजूंनी वाटले जाईल इतके टाके घालावेत. आजोबांच्या मिलचा पितळी बिल्ला आम्ही असाच दोऱ्याने बांधून खोल चौकटीत ठेवला आहे. त्याला चिंच लावून घासण्याचा मोह टाळला, कारण घासताना उठावाची अक्षरे झिजतात. चांदीचे पदक असेल, तर त्यामागे लोकर किंवा रबर नको. त्यांतील गंधकाने चांदी काळी पडते.

सोलापुरातील काही घरांत १९३० च्या मार्शल लॉच्या, म्हणजे इंग्रजांनी शहरात लावलेल्या लष्करी अंमलाच्या, काळातील पत्रे आणि कागद अजून जपलेले आहेत. असा कागद भिंतीवर लावूच नये. प्रकाशाने विटलेली शाई परत येत नाही, आणि साधी काच अतिनील किरणांचा मोठा भाग आत येऊ देते. चौकटीत चांगली प्रत लावावी आणि मूळ कागद ॲसिड-फ्री पाकिटात, आडवा, कपाटात ठेवावा.

भिंत निवडताना दुपारनंतर तापणारी पश्चिमेची भिंत, कूलरचा झोत आणि देवघरातील उदबत्तीचा धूर टाळावा. पूर्वजांच्या तसबिरीला ताज्या फुलांचा ओला हार घातला, की पाणी काचेवरून ओघळून खालच्या पट्टीत शिरते. म्हणून हार निथळून घालावा आणि दुसऱ्या दिवशी काढावा. काच पुसताना पाणी काचेवर न फवारता फडक्यावर घ्यावे, कारणही तेच. दोन मिलिमीटर जाडीची काच चौरस मीटरला सुमारे पाच किलो भरते, तेव्हा मोठी चौकट एका खिळ्यावर न टांगता दोन हुकांवर टांगावी. खालच्या दोन कोपऱ्यांमागे बुचाचे तुकडे लावले, की मागून हवा खेळते. घट बसण्याआधीच्या साफसफाईत प्रत्येक चौकट उतरवून मागची बाजू पाहावी: वाळवीची मातीची रेघ, फाटलेला तपकिरी कागद किंवा काचेच्या आतले धुके दिसले, तर ती चौकट त्याच दिवशी उघडावी.